'पूर्ण सज्ज' शिडाची बोट विकत घेताना: जाहिरात वाचण्यापासून ताबा घेईपर्यंत

जाहिरात साधारण अशी असते: "१९८४ ची तायाना ३७. कटर रिग. लांब पल्ल्यासाठी पूर्ण सज्ज. सोलर, लिथियम बॅटऱ्या, वॉटरमेकर, रडार, एआयएस, विंडवेन, लाइफराफ्ट, डिंगी व आउटबोर्ड. मालक मायदेशी परतत असल्याने विक्री. बोट लांगकावी, मलेशिया." कटर रिग म्हणजे एक डोलकाठी आणि तिच्यापुढे दोन शिडं. वॉटरमेकर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतो, एआयएस आसपासची जहाजं दाखवतं, लाइफराफ्ट हा बुडताना लागणारा तराफा, डिंगी म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी आणि आउटबोर्ड तिचं इंजिन. खाली चाळीस फोटो, त्यांत निम्मे सूर्यास्ताचे. बिल्जचा, म्हणजे पाणी साचतं त्या तळातल्या पोकळीचा, एकही नाही.

सिंगापूर-दुबईत नोकरी करणारे किंवा मुंबई-गोव्यात छोट्या शिडाच्या बोटींवर हात बसलेले मराठी लोक अशा जाहिराती चाळताना आता सर्रास भेटतात. घ्यायचा विचार पक्का असेल तर एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सामानाच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती बोटीवर कोणत्या साली चढली ते लिहा. साल लिहिलं की यादीचा अर्थच बदलतो. बारा वर्षांपूर्वीचं रडार, नऊ वर्षांपूर्वीची शिडं आणि सर्व्हिसची तारीख उलटलेली लाइफराफ्ट हे सामान नव्हे, येत्या दोन-तीन वर्षांतला खर्च आहे. बोटीची खरी किंमत हल (बोटीचं बाहेरचं कवच), डेक, डोलकाठी आणि इंजिन या चार गोष्टींत असते. बाकी सगळं पैसे टाकले की मिळतं.

लांगकावीतच इतक्या बोटी का विकायला असतात

पॅसिफिक ओलांडून, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशिया करत आलेल्या बोटी मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर येतात आणि इथे थांबतात. पुढचा टप्पा हिंदी महासागराचा. भूमध्य समुद्रात जायचं तर वाट तांबड्या समुद्रातून. तिथे आधी सोमाली चाचे होते, २०२३ च्या अखेरीपासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले. दुसरी वाट दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून जाते, ती लांब आणि खडतर. साठी-सत्तरीतलं जोडपं या फाट्यावर येऊन नकाशा बघतं आणि विमानाचं तिकीट काढतं. लांगकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे, नेहमीच्या चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहे, बोट पाण्याबाहेर काढायची सोय आहे. त्यामुळे बोट तिथेच राहते आणि जाहिरात लागते.

घेणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंही आहे आणि वाईटही. चांगलं असं की बोटीने निदान अर्धं जग पाहिलेलं असतं, सामान वापरातलं असतं. वाईट असं की मालक गेल्यावर ती उष्ण कटिबंधात, उन्हात आणि दमटपणात उभी असते. वापरात असलेली बोट हळू झिजते, उभी राहिलेली झपाट्याने. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न 'किती मैल चालली' हा विचारू नका. 'शेवटची कधी चालली, आणि तेव्हापासून तिच्यावर कोण चढतंय' हे विचारा.

तायाना ३७ उदाहरणाला का घेतली

कारण जुन्या क्रूझिंग बोटींचे गुणदोष तिच्यात एकत्र सापडतात. आराखडा अमेरिकन नौकारचनाकार रॉबर्ट पेरी यांचा, बांधणी तैवानमधल्या ता यांग कारखान्याची. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे साधारण सहाशे बोटी निघाल्या. लांबी पावणेसदतीस फुटांच्या आसपास, वजन दहा टनांहून अधिक, पुढे लाकडी बोस्प्रिट, म्हणजे नाळेच्या पुढे आलेला दांडा, आणि मागची बाजूही नाळेसारखी निमुळती. या दुटोकी बांध्याचं मूळ नॉर्वेच्या बोटींत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' त्याच कुळातली, आणि ती मुंबईत सागवानात बांधलेली होती.

तायानाची कील, म्हणजे तळाचा वजनदार कणा, लांब, आणि वजनाचं बीड फायबरग्लासच्या कीलच्या पोकळीत बंद केलेलं. म्हणजे कील-बोल्टची चिंता नाही. आधुनिक बोटींत कील खालून बोल्टने लटकवलेली असते, तिथे ही चिंता खरी आहे. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी रफीकी' नावाच्या चाळीस फुटी बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चार जण गेले. अशी बोट बघत असाल तर कील आणि हल यांच्या सांध्यातली भेग, गंजाचे ओघळ आणि आतल्या जाळीच्या चौकटीचे तडे हे सर्व्हेयरला, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला, मुद्दाम तपासायला सांगा. कुठे आपटली होती का, हेही विचारा.

बंद कीलचा प्रश्न निराळा. प्रवाळखडकावर घासून पाणी आत शिरलं तर लोखंड गंजून फुगतं आणि बाहेरचं फायबरग्लास सुटतं. कीलच्या तळाशी जुन्या डागडुजीच्या खुणा बघा.

तिकीट काढण्याआधी

विक्रेत्याकडून किंवा ब्रोकरकडून लेखी मागवा: डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचं, म्हणजे स्टँडिंग रिगिंगचं वय आणि त्याची पावती, इंजिनाचे तास आणि शेवटचं मोठं काम, प्रत्येक शिडाचं साल, टाक्या कशाच्या आणि कधीच्या, बोट शेवटची पाण्याबाहेर कधी काढली, मागचा सर्व्हे रिपोर्ट. फोटोंची वेगळी यादी द्या: बिल्ज, इंजिनाच्या चारही बाजू, चेनप्लेट (या तारा बांधायच्या पट्ट्या) आतून, कपाटं रिकामी करून हलची आतली बाजू, वीजपॅनेलचं पाठचं अंग. चांगला मालक दोन दिवसांत शंभर फोटो पाठवतो, वर पावत्यांची फाइलही. 'येऊन बघा ना' असं उत्तर आलं तर तिकिटाचे पैसे वाचले समजा.

याच टप्प्यावर विमा कंपनीलाही विचारा. चाळीस वर्षांच्या बोटीला विमा देताना ताजा सर्व्हे लागतो, रिगिंग दहा-बारा वर्षांहून जुनं असेल तर बऱ्याच कंपन्या बदलायला सांगतात, आणि तुमचा अनुभव, प्रमाणपत्रं, सोबतचा कर्मचारीवर्ग हेही बघतात. विमा नसेल तर बऱ्याच मरीनांत, म्हणजे अशा बोटी उभ्या करायच्या बंदरांत, जागा मिळत नाही. बोट घेऊन झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

पहिली पाहणी: अर्धा दिवस, स्वतः

सर्व्हेयर नंतर. आधी स्वतः जा. सोबत प्लॅस्टिकच्या मुठीचा छोटा हातोडा, टॉर्च, आरसा, जुने कपडे. मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन काहीच सांगत नाही.

डेकपासून सुरू करा, कारण तायानाचा खरा खर्च तिथे दडलेला असतो. हल सबंध फायबरग्लासची, जाड आणि दणकट. डेक मात्र दोन थरांचं, मध्ये लाकडाचा गाभा. त्यावर सागाच्या पट्ट्या, त्या स्क्रूंनी गाभ्यात बसवलेल्या. स्क्रू शेकडोंनी, म्हणजे पाणी आत जायला तेवढीच भोकं. पट्ट्यांमधलं काळं रबर उन्हाने सुटतं, स्क्रूवरच्या लाकडी बुचा निघतात, पाणी गाभ्यात झिरपतं, गाभा कुजतो. वरून डेक छान पॉलिश केलेलं दिसतं.

हातोड्याने हळूहळू ठोकत नाळेपासून मागेपर्यंत जा. धड जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी मेलेला, बोदा. अशा जागा खडूने आखा, मालकाची परवानगी घेऊन. डोलकाठीच्या पायाशी, स्टँचनच्या (कठड्याच्या खांबांच्या) बुडाशी, चेनप्लेट आणि हॅच (डेकवरची झाकणं) यांच्या भोवती जास्त वेळ द्या. तळहाताएवढी एखादी जागा निघाली तर डागडुजी होते. पण अर्धं डेक बोदं वाजत असेल तर साग काढणं, गाभा बदलणं, पुन्हा फायबरग्लास घालणं, असं महिनोन्महिन्यांचं काम आहे. मजुरी आग्नेय आशियात स्वस्त असली तरी बोटीच्या किमतीचा मोठा वाटा त्यात जातो. माझं मत विचाराल तर सागाचं डेक आधीच काढून टाकलेली, वर साधा न घसरणारा रंग दिलेली तायाना दिसायला उणी पण घ्यायला उत्तम.

बोस्प्रिट लाकडी आहे. त्यावर डोलकाठीच्या पुढच्या तारेचा सगळा ताण येतो. बोस्प्रिट गेलं तर डोलकाठी जाऊ शकते. जिथे ते डेकवर टेकतं आणि जिथे लोखंडी पट्ट्या आवळल्या आहेत तिथे बारीक टोच्याने दाबून बघा. टोच्या लोण्यात जावा तसा गेला तर पुढची बोलणी वेगळी होतात.

आता आत. कपाटं उघडा आणि चेनप्लेट शोधा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा शेवटी या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात आणि पट्ट्या डेकमधून खाली जातात. डेकच्या जाडीत अडकलेला भाग डोळ्याला दिसत नाही आणि नेमका तिथेच स्टेनलेस स्टील गंजतं. या धातूला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल साचली आणि हवा मिळाली नाही की आतल्या आत बारीक खड्डे आणि भेगा पडतात. लाकडावर तपकिरी ओघळ दिसले तर चेनप्लेट उपसून बघितल्याशिवाय त्या बोटीने महासागरात जाऊ नये.

रिगिंग, शिडं

स्टँडिंग रिगिंगचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं, उष्ण खाऱ्या हवेत त्यातलं अलीकडचं टोक धरा. तारेच्या खालच्या टोकाला जिथे ती दाबून बसवलेली असते तिथे पाणी उतरून साचतं. भिंगाने बघा: उभी केसासारखी भेग, गंज, किंवा एकही तंतू तुटलेला दिसला तर ती तार बाद. एक तार बाद म्हणजे तिच्या वयाच्या सगळ्याच बाद. तायानाच्या काही जुन्या बोटींना लाकडी डोलकाठी असते. दिसायला देखणी, पण डिंकाचे सांधे उघडलेत का हे वर चढूनच कळतं, आणि उन्हात वार्निशचं काम संपतच नाही. मी अॅल्युमिनियमचीच घेईन.

शिडं मरीनातच पसरून बघा. नखाने टाके ओढा. उन्हाने मेलेला दोरा सहज तुटतो. कापड मऊ, रुमालासारखं पडलेलं असेल तर आकार गेला. गुंडाळलेल्या शिडाच्या कडेला उन्हापासून बचावासाठी लावलेली पट्टी फाटलेली असेल तर खालचं कापडही गेलं समजा. 'शिडं चांगल्या स्थितीत' हे वाक्य जाहिरातीत असतंच, त्याला साल जोडल्याशिवाय किंमत देऊ नका.

इंजिन

जुन्या तायानांत पर्किन्स ४-१०८ किंवा यानमार सापडतं, काहींत मागाहून बदललेलं. इंजिनावर हात ठेवा, गार आहे ना बघा. मग सुरू करायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन धूर आणि पाणी बघा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळा धूर राहिला तर तेल जळतंय. काळा राहिला तर ताण जास्त, हवा कमी किंवा इंजेक्टरचं काम. पांढरा राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा वाफ. एक्झॉस्टमधून समुद्राचं पाणी भरभरून पडायला हवं. बारीक धार म्हणजे इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र), हीट एक्स्चेंजर किंवा एक्झॉस्टचा कोपर चोंदलेला. हा कोपर आतून कार्बनने भरतो आणि बाहेरून गंजतो. फार महाग नसतो, पण फुटला की पाणी सिलिंडरमध्ये जातं.

डिझेलची मूळ टाकी काळ्या लोखंडाची, नाळेकडच्या बिछान्याखाली. भरली की बोट नाकावर बसते, ही या मॉडेलची जुनी तक्रार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाळीस वर्षांची लोखंडी टाकी तळातून गळते, आणि काढायची तर बिछान्याचं फर्निचर तोडावं लागतं. आधीच बदलली असेल तर पावती बघा आणि मनातल्या मनात किंमत थोडी चढवा. टाकीच्या तळाचं डिझेल बाटलीत काढून बघा. पाण्याचा थर किंवा काळा शेवाळी गाळ दिसला तर दमट हवेत वाढणाऱ्या जंतूंनी घर केलंय. लाटांत हाच गाळ ढवळून फिल्टर बंद पाडतो, आणि तो नेमका बंदराच्या तोंडाशी बंद पडतो.

सी-कॉक, म्हणजे हलमधून पाणी आत-बाहेर जाण्याचे नळ, एकेक फिरवून बघा. न फिरणारा नळ हा नळ नव्हे. बागेच्या नळासारखे गोल चाकाचे व्हॉल्व्ह दिसले तर सगळे बदलायचे. नळाचा धातू खरवडल्यावर पिवळा न दिसता गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि तो हातात मोडू शकतो.

सामानाची यादी, साल लावून

आता जाहिरातीतली यादी काढा.

लाइफराफ्ट: शेवटची सर्व्हिस कधी? ती ठरावीक वर्षांनी अधिकृत केंद्रातच करावी लागते. तारीख बरीच उलटली असेल तर केंद्र ती थेट मोडीत काढू शकतं. किंमत शून्य धरा. फ्लेअरचंही, म्हणजे संकटात पेटवायच्या खुणेच्या मशालींचंही, तसंच, त्यांची मुदत साधारण तीन वर्षं, आणि विमानातून नेता येत नाहीत.

इपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र: बॅटरीची तारीख बघा. शिवाय त्यात देशाचा संकेत भरलेला असतो. बोटीचा झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की तो पुन्हा भरून नव्या नावावर नोंदवावा लागतो. नाहीतर तुम्ही बुडत असताना फोन जुन्या मालकाला जाईल. व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएसच्या एमएमएसआय क्रमांकाचंही, म्हणजे बोटीच्या ओळखक्रमांकाचंही, हेच. पुष्कळ एआयएस संचांत तो वापरणाऱ्याला स्वतः बदलता येत नाही.

वॉटरमेकर: यादीतलं सर्वात मोहक नाव. त्याचा पडदा वापरात नसताना विशिष्ट रसायनात भिजवून ठेवावा लागतो. वर्षभर तसाच पडला असेल तर मेलेला असू शकतो. क्लोरीनचं पाणी गेलं असेल तर बहुधा मेलेला. समुद्रात चालवून, चव घेऊन, क्षारमापकाने मोजूनच पैसे मोजा. बंदरातल्या तेलकट पाण्यात तो चालवत नाहीत, म्हणून विक्रेता 'इथे दाखवता येत नाही' म्हणतो आणि ते खरंही असतं. चाचणी सफरीत दाखवायला सांगा.

वीज: अमेरिकेसाठी बांधलेल्या बोटीवर ११० व्होल्टची जोडणी असते. मलेशियात आणि भारतात धक्क्यावरची वीज २३०-२४० व्होल्टची. चार्जर दोन्हीवर चालतो का, ट्रान्सफॉर्मर आहे का, हे न बघता प्लग लावणाऱ्याची उपकरणं धुरासकट जातात. लिथियम बॅटऱ्या कोणी बसवल्या, कोणत्या बीएमएसवर (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेवर), अल्टरनेटरला संरक्षण आहे का, आणि विमा कंपनी ते मान्य करते का? घरगुती जोडणी असेल तर ती सोय नव्हे, जोखीम आहे. पॅनेलमागे पाहा: कथिलाचा मुलामा असलेल्या, खुणा लावलेल्या तारा दिसल्या तर मालक निवांत झोपणारा होता.

विंडवेन हे माझं आवडतं सामान. वाऱ्यावर चालणारं, वीज न खाणारं स्वयंचलित सुकाणू. चांगल्या कंपनीचं असेल तर वीस वर्षांचंही बुशिंग बदलून चालतं. इथे वय फारसं आडवं येत नाही. नांगर आणि साखळीचंही तसंच. साखळी पूर्ण उपसून बघा, वरची पन्नास फूट चकचकीत आणि खालची गंजाचा गोळा असं दिसतं. साखळीचं माप विंचच्या, म्हणजे ती ओढणाऱ्या यंत्राच्या, खाचांना जुळतं ना, तेही बघा. अमेरिकी इंचाची आणि मिलिमीटरची साखळी एकमेकींच्या विंचवर घसरतात.

रडार, चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा): दहा वर्षांपुढे सुटे भाग बहुधा मिळत नाहीत. चालतंय तोवर वापरायचं, पैसे मोजायचे नाहीत. डिंगी आणि आउटबोर्ड पाण्यात उतरवून चालवा. डिंगी पीव्हीसीची असेल तर उन्हात चिकट होऊन सांधे सुटतात.

सॅटेलाइट फोन आणि मेसेंजर: हे बोट भारतात आणणाऱ्यांसाठी खास. इरिडियम किंवा थुराया या उपग्रहसेवांचं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, आणि खिशात मावणारे बरेचसे जीपीएस मेसेंजर इरिडियमवर चालतात. ते घेऊन विमानतळावर उतरलेल्या परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे. भारतीय पाण्यात शिरण्याआधी परवानगी काढा किंवा यंत्र उतरवून ठेवा.

यादीची बेरीज अशी करा: एका रकान्यात आहे तसं वापरता येईल ते, दुसऱ्यात पहिल्या वर्षात बदलायचं ते, तिसऱ्यात दिखाऊ. दुसऱ्या रकान्याची किंमत मरीनातल्या दुकानदारांकडून लेखी घ्या. बोलणी याच कागदावर होतात.

देकार, सर्व्हे, चाचणी सफर

किमतीवर तोंडी तडजोड झाली की लेखी करार होतो. साधारण दहा टक्के अनामत ब्रोकरच्या राखीव खात्यात, 'सर्व्हे आणि चाचणी सफर समाधानकारक झाल्यास' या अटीवर. ही अट नसलेल्या कागदावर सही करू नका. ब्रोकरचं कमिशन बहुतेक वेळा विक्रेता देतो. म्हणजे ब्रोकर कितीही गोड बोलला तरी तो विक्रेत्याचा.

सर्व्हेयर तुम्ही निवडा, पैसे तुम्ही द्या, आणि पाहणीच्या दिवशी त्याच्यामागे फिरा. तो पाण्याबाहेर काढलेल्या बोटीच्या हलला ओल मोजण्याचं यंत्र लावेल, फोड बघेल, सुकाणू हलवून खेळ मोजेल, प्रॉपेलरचा दांडा आणि बेअरिंग बघेल. ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले चार-दोन फोड दिसले तर घाबरू नका, एवढ्या जाड हलमध्ये तो बहुधा खर्चाचा मुद्दा असतो, धोक्याचा नाही. एक लक्षात घ्या: नेहमीच्या सर्व्हेत डोलकाठीवर चढणं आणि इंजिन खोलणं येत नाही. रिगर (डोलकाठी आणि तारांचा कारागीर) आणि मेकॅनिक वेगळे बोलवा. इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की धातूचे कण आणि पाणी कळतं, खर्च किरकोळ.

चाचणी सफरीला वारा असलेला दिवस निवडा. इंजिन दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर चालवा. पुस्तकातले कमाल फेरे गाठतं का, तापमान स्थिर राहतं का, या दहा मिनिटांत मालकाचा चेहरा कसा होतो, सगळं बघा. मग सगळी शिडं चढवून दोन्ही बाजूंना टॅक घ्या, म्हणजे वारा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घेऊन बघा, ऑटोपायलट लावा, वॉटरमेकर चालवा. परत आल्यावर बिल्जमध्ये किती पाणी आलं ते मोजा.

रिपोर्टमध्ये काही ना काही निघतंच. किंमत कमी करायची ती आधी न सांगितलेल्या दोषांवर. जाहिरातीतच लिहिलेल्या जुन्या गोष्टींवर पुन्हा घासाघीस केली तर विक्रेता चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. डेक बोदं निघालं, टाकी गळते, रिगिंगची पावतीच नाही, यांवर ठाम राहा. पटलं नाही तर अनामत परत घ्या आणि निघा. सर्व्हेचे पैसे गेले याचं वाईट वाटून बोट घेणारे लोक मी पाहिले आहेत.

कागद

विक्रेता खरा मालक आहे आणि बोटीवर कर्ज नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवं. अमेरिकी कोस्ट गार्डकडे नोंदलेली बोट असेल तर तिथून मालकीचा पूर्ण इतिहास मागवता येतो, त्यात गहाणही दिसतं. ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरची नोंद मालकीचा पुरावा नसते. तिथे आधीच्या सगळ्या विक्रीपत्रांची साखळी मागा. मरीनाची थकबाकीही विचारा. भाडं थकलं तर मरीना बोट सोडत नाही.

भारतीय नागरिकाला अमेरिकी कोस्ट गार्डची नोंदणी चालू ठेवता येत नाही, ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. म्हणजे विक्रीबरोबर जुना झेंडा उतरतो, आणि नोंद रद्द झाल्याचा दाखला विक्रेत्याकडून हवाच. तो मिळेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवा. तुम्हाला कोणता झेंडा मिळू शकतो हे अनामत भरण्याआधी ठरवा. बिनझेंड्याच्या बोटीला कुठलंही बंदर सोडताना अडचण येते.

पैसे भारतातून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या, योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढी रोकड काही महिने अडकते. ती हिशेबात धरा.

बोट कायमची भारतात आणली तर ती आयात ठरते. कस्टम ड्यूटी आहेच, वर करमणुकीच्या नौका २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटीच्या गटात आहेत. स्वस्तात घेतलेली बोट इथे येऊन महाग होते ती अशी. परदेशी झेंड्याखाली पाहुणी म्हणून येण्याचे नियम वेगळे, आणि मालक भारतात राहणारा असेल तर ते आणखी वेगळे. मुंबई किंवा कोचीतल्या कस्टम ब्रोकरकडून लेखी उत्तर घ्या. कित्येकांना शेवटी हेच परवडतं की बोट लांगकावीतच ठेवायची आणि सुट्टीत जाऊन चालवायची. तिथेही परदेशी बोटींना मुक्कामाचे नियम आहेत, ते मरीनाच्या कार्यालयात विचारा.

ताबा मिळाल्यावरचे पहिले आठवडे

बोटवाल्यांत एक ठोकताळा चालतो, दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहाएक टक्के देखभालीला. जुन्या बोटीला पहिल्या वर्षी तो पुरत नाही. किमतीचा चौथा हिस्सा तरी बाजूला ठेवूनच बोट घ्या. पैसे आधी बोट तरंगती आणि डोलकाठी उभी ठेवणाऱ्या गोष्टींवर जावेत: सी-कॉक आणि त्यांचे पाइप, रिगिंग, चेनप्लेट, बिल्जपंप, गॅसची नळी. इंजिनाची सगळी तेलं, फिल्टर, इम्पेलर आणि पट्टे बदला, जुना मालक 'गेल्याच महिन्यात बदलले' म्हणाला तरी. जुने भाग सुटे म्हणून ठेवून द्या. नवीन चार्टप्लॉटर, गाद्यांची खोळ, नाव रंगवणं हे सगळं नंतर.

जुना मालक अजून बेटावर असेल तर त्याला दोन दिवस सोबत घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक स्विच दाखवायला सांगून मोबाइलवर चित्रीकरण करा. ही सर्वात स्वस्त खरेदी. मग जवळच्या बेटांमध्ये नांगर टाकत आठ-दहा दिवस राहा. जे बिघडायचं ते तिथे बिघडू द्या, जिथून मेकॅनिक अर्ध्या दिवसावर आहे.

पश्चिमेकडे निघायचं तर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ धरा, डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. लांगकावीहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, पाचशेहून थोडे जास्त सागरी मैल आहे. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, चार-पाच दिवस. अंदमानच्या परवानग्या आणि एजंट हे निघण्याच्या बऱ्याच आधी ठरवावे लागतात. मार्च संपेपर्यंत कागद झाले नाहीत तर निघू नका. बोट पाण्याबाहेर काढा, शिडं उतरवा, वॉटरमेकर रसायनात भिजवा, बॅटऱ्यांचा एक सोलर पॅनेल चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा हॅच उघडून जाईल असा माणूस मरीनात बघून ठेवा.